घरापुरती सौरवीज : प्रस्तावना

तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीज ऑक्टोबर 1969 मध्ये व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. 2005 आणि 2006 साली तिथेच 540 मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. डहाणूला 500 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. ते मुंबईच्या उपनगरांसाठी बांधले गेले. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला पालघर जिल्हा विजेच्या बाबतीत असा देणाऱ्यांपैकी आहे. तरीही पावसाळ्याच्या पहिल्या वादळी रात्री चिंचणीत, दांडीत, मनोरला किंवा विक्रमगडच्या एखाद्या पाड्यावर लाईट जाते ती जातेच, आणि वायरमनचा फोन लागत नाही.

वीजकेंद्र दाराशी असून आमच्याकडे अंधार का, असे लोक विचारतात. तांत्रिक उत्तर सोपे आहे. तारापूरची वीज 220 आणि 400 किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरून दूर जाते. त्या तारेवरून कुठल्याही घराला थेट जोडणी देता येत नाही. आपल्या घरात येणारी वीज उपकेंद्रातून 11 किलोव्होल्टच्या फीडरवर, तिथून डीपीवर आणि डीपीवरून खांबाखांबाने येते. बिघाड बहुधा या शेवटच्या टप्प्यात होतो. ताडाची झावळी तारेवर पडते, जंपर उडतो, उन्हाळाभर खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मिठाचा थर बसलेला असतो आणि पहिल्या सरीने तो ओला झाला की त्यातून ठिणगी पडते. निर्मिती कितीही वाढली तरी हे दुखणे तिने बरे होत नाही. मात्र प्रकल्पाच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी ज्यांनी अक्करपट्टी आणि पोफरण ही आपली गावे सोडली, त्यांच्या मनातला प्रश्न एवढ्या तांत्रिक उत्तराने मिटत नाही, हेही इथेच नोंदवले पाहिजे.

हे पुस्तक त्या शेवटच्या टप्प्याविषयी आहे. आपल्याच छपरावर पडणाऱ्या उन्हातून घरापुरती वीज काढायची, ती बॅटरीत साठवायची आणि महावितरणची तार असो वा नसो, दिवा-पंखा चालू ठेवायचा, हा त्याचा विषय. विषय लहान दिसतो, पण त्याच्या पोटात भौतिकशास्त्र आहे, रसायन आहे, कोकणचा पाऊस आहे, सुतार-लोहाराचे काम आहे आणि घरखर्चाचा हिशेब आहे. इतकी शास्त्रे एका ओटीवर बसून शिकता येतील असे दुसरे क्षेत्र मला तरी माहीत नाही. वाचकाचे त्यात मनापासून स्वागत.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण तो अनेकांना महागात पडतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट आणि त्यावरच्या घरगुती संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजना चांगली आहे, पण ती महावितरणच्या जाळ्याला जोडलेल्या संचासाठी आहे. असा संच दिवसा तयार होणारी जास्तीची वीज जाळ्यात सोडतो आणि बिल कमी करतो. जाळ्यातली वीज गेली की त्याचा इन्व्हर्टर त्याच क्षणी स्वतःहून बंद होतो. तो बंद व्हावाच लागतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला, तार मेली आहे असे समजून हात लावताना, आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसेल. म्हणजे छपरावर प्लेटा आहेत, डोक्यावर ऊन आहे आणि घरात पंखा बंद आहे, अशी स्थिती येते. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यालगतून गेले तेव्हा वीजपुरवठा कोलमडला होता. अशा वेळी उपयोगी पडतो तो बॅटरी असलेला, जाळ्यावाचून चालणारा संच. त्याला अनुदान नसले, त्याची प्रत्येक युनिट बॅटरीमुळे महाग पडत असली, तरी त्याचे मोल वेगळ्या मापाने मोजावे लागते. म्हणून माझे मत सुरुवातीलाच सांगतो. बोईसरच्या सदनिकेत राहणाऱ्याने सगळे घर जाळ्याबाहेर काढायचा नाद करू नये. ज्या चार-पाच वस्तूंवाचून रात्र निघत नाही, तेवढ्यांसाठी लहान संच उभारावा. गावात आणि पाड्यावर मात्र हाच लहान संच घराची मुख्य वीज होऊ शकतो.

या विद्येची वंशावळ थोडक्यात सांगतो. प्रकाशातून विद्युतदाब निर्माण होतो हे फ्रान्सच्या एडमंड बेक्रेल याने 1839 मध्ये पाहिले. कामाला येईल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1954 मध्ये तयार झाला. उन्हातली सुमारे 6 टक्के ऊर्जाच तो विजेत बदलत असे. चार वर्षांत तो व्हॅन्गार्ड उपग्रहावर बसून अंतराळात गेला, कारण तेव्हा एवढी महाग वीज तिथेच परवडत होती. आज बोईसरच्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेली प्लेट 20 टक्क्यांच्या वर जाते. प्लेटेचा इतिहास पुस्तकात याहून जास्त येत नाही. प्लेट हा या संचातला सर्वांत कमी त्रासाचा भाग आहे, आणि तिच्यावर सर्वांत जास्त बोलले जाते.

खरा अभ्यास हिशेबापासून सुरू होतो. एक घर घेऊ. 9 वॉटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास : 180 वॉट-तास. 28 वॉटचे दोन बीएलडीसी पंखे आठ-आठ तास : 448. लहान टीव्ही 50 वॉटचा, तीन तास : 150. दोन मोबाईल : 30. वायफायचा राउटर 10 वॉटचा, पण चोवीस तास : 240. बेरीज 1048, म्हणजे एक युनिटच्या थोडी वर. ही बेरीज करताना दोन गोष्टी ध्यानात येतात. घरभरच्या दिव्यांपेक्षा कोपऱ्यातला राउटर जास्त वीज खातो. आणि पंखे जुने, 75 वॉटचे असते, तर एकट्या पंख्यांचेच 1200 झाले असते. प्लेट वाढवण्याआधी पंखा बदलावा, हा नियम इथून येतो. तो सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्याकडूनच माल घ्या.

वायर, बॅटरी आणि प्लेटेची वीज बॅटरीत भरणारा नियंत्रक यांच्यात सुमारे तीस टक्के वीज वाटेत जाते, म्हणून प्लेटेने रोज 1500 वॉट-तास द्यायला हवेत. पालघरला वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच तासांचे पूर्ण ऊन धरता येते. त्या हिशेबाने 300 वॉटची प्लेट पुरेल. पण सरासरीवर भिस्त ठेवणाऱ्याला जुलैत अंधारात बसावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन सहा तासांच्या वर जाते. जुलै-ऑगस्टमध्ये ते साडेतीन-चारवर येते आणि सलग झड लागली की दोनच्याही खाली जाते. संच वर्षभर चालवायचा असेल तर जुलै धरूनच त्याचे माप काढले पाहिजे. तीन तास धरले तर 500 वॉट लागतात. बाजारात 540-550 वॉटची प्लेट सहज मिळते. एका घराला एक प्लेट, असे उत्तर येते.

आणि नेमकी इथेच सर्वांत महागडी चूक होते. 540 वॉटच्या प्लेटेचा काम करतानाचा दाब साधारण 41 व्होल्ट असतो आणि प्रवाह 13 अँपिअर. ती 12 व्होल्टच्या बॅटरीला स्वस्तातल्या, पीडब्ल्यूएम प्रकारच्या नियंत्रकामार्फत जोडली, तर नियंत्रक प्लेटेचा दाब बॅटरीच्या दाबावर ओढून आणतो. प्रवाह तोच 13 अँपिअर राहतो, दाब 13 व्होल्ट होतो आणि हातात येतात 170 वॉट. दोन-तृतीयांश प्लेट छपरावर नुसती उन्हात तापत राहते. जोडणी बरोबर दिसते, दिवा हिरवा लागतो, बॅटरी हळूहळू भरतेही. त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. एमपीपीटी नियंत्रक जास्तीचा दाब प्रवाहात बदलून देतो. त्याला चार पैसे जास्त पडतात, ते द्यावेत. दुकानात नियंत्रक हातात घेतला की त्याच्यावर लिहिलेला प्लेटेचा कमाल दाब वाचावा आणि प्लेटेमागच्या लेबलवरच्या खुल्या दाबाशी (Voc), म्हणजे साधारण 49 व्होल्टशी, ताडून पाहावा. थंडीत हा दाब आणखी चढतो, म्हणून दोन आकड्यांत चांगले अंतर हवे.

प्लेट कुठल्या दिशेला आणि किती तिरकी बसवायची? पुस्तकी उत्तर आहे दक्षिणेकडे तोंड आणि अक्षांशाइतका कल, म्हणजे पालघरला जवळपास वीस अंश. पण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इथे शून्य सावली दिवस येतो, आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. शिवाय पावसाळी आभाळातून प्रकाश एका दिशेने येत नाही. तो सगळ्या आकाशातून झिरपतो. त्यामुळे ज्याला पावसाळ्याची चिंता आहे त्याने दहा-पंधरा अंशांवर थांबले तरी चालते. अगदी सपाट मात्र ठेवू नये. पाणी खालच्या कडेला साचून चिखलाची पट्टी तयार होते, आणि ती पट्टी सावलीसारखीच नडते.

सावलीविषयी सविस्तर प्रकरण पुढे आहे. इथे एवढेच, की प्लेटेतले घट एकामागे एक जोडलेले असतात. एका झावळीची सावली चार घटांवर पडली तर तेवढ्याच घटांचे नुकसान होत नाही. प्लेटेचा एक-तृतीयांश भाग कामातून जातो. केळवे-माहीमच्या वाड्यांत नारळ-सुपारीच्या मधोमध घर असते. तिथे सकाळी नऊ ते दुपारी तीन उघडी राहणारी जागा शोधण्यासाठी एक अख्खा दिवस छपराकडे पाहत बसण्याची तयारी हवी. सातपाटी-दांडीकडे वलांडीवर बोंबील वाळत असले की कावळे आणि समुद्रपक्षी जमतात, आणि त्यांची विष्ठा प्लेटेवर पडून सुकते. औद्योगिक वसाहतीच्या आसपास धूळ आणि काजळीचा चिकट थर बसतो. तो पावसाने जात नाही, ओल्या फडक्याने पुसावा लागतो. पुसायचे ते सकाळी, प्लेट गार असताना, साबणाशिवाय.

समुद्राजवळच्या वाचकांनी लोखंडाकडे विशेष लक्ष द्यावे. नुसता रंग मारलेला सांगाडा दोन-तीन पावसाळ्यांत गंजतो. गरम जस्तात बुडवलेला सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घ्यावेत. 540 वॉटची प्लेट सव्वादोन मीटरहून जास्त लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद आणि पंचवीस-तीस किलो वजनाची असते. ताशी 100 किलोमीटरचा वारा तिच्या तोंडावर थेट आदळला तर सुमारे 120 किलोचा रेटा बसतो, आणि मागून शिरला तर तोच रेटा तिला उचलतो. पत्र्याला चार स्क्रू मारून बसवलेली प्लेट वादळात पत्र्यासकट जाते. पकड खालच्या वाशाला किंवा अँगलला हवी. कुडाच्या घरावर आणि मंगळुरी कौलांवर प्लेट बसवण्याचा हट्ट करू नये. कौले फुटतात आणि घर गळते. अंगणात काँक्रीटमध्ये रोवलेला खांब जास्त बरा, पुसायलाही हाताशी येतो.

बॅटरी हे या क्षेत्राचे हृदय आहे आणि तिच्यावर पुस्तकाची सर्वाधिक पाने खर्च झाली आहेत. 150 अँपिअर-तासांच्या 12 व्होल्टच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर 1800 वॉट-तास असतात, पण ती टिकवायची असेल तर निम्मेच वापरावेत. लिथियम लोहफॉस्फेटची 100 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1280ची असते आणि त्यातले हजारभर निर्धास्त वापरता येतात. पहिली स्वस्त, ओळखीची आणि बोईसर स्टेशनाबाहेर कोणीही दुरुस्त करील अशी. दुसरी महाग, हलकी आणि दीर्घायुषी, पण बिघडली तर गावात तिचा वैद्य मिळत नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीला पालघरचा पावसाळा मानवत नाही. आठवडेच्या आठवडे ती पूर्ण भरत नाही, पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर धरतो आणि दिवाळीला मालक म्हणतो, बॅटरीत दम राहिला नाही. उपाय साधा आहे : महावितरणची वीज घरात असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा तिच्यावरून बॅटरी काठोकाठ भरून घ्यावी. जाळ्याशी असे सख्य ठेवल्याने संचाला कमीपणा येत नाही. पाणी डिस्टिल्डच घालावे. विहिरीचे नाही, आरओचेही नाही. बॅटरी पत्र्याखालच्या तापलेल्या कोपऱ्यात ठेवू नये, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. तिथल्या वाचकांनी बॅटरी फळीवर न ठेवता जमिनीलगतच्या बुटक्या स्टँडवर ठेवावी.

घरात वीज फिरवण्याचा प्रश्न उरतो. 250 वॉटचा भार 12 व्होल्टवर 20 अँपिअर ओढतो. ही वीज अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरने दहा मीटर नेली तर जाता-येता 3 व्होल्ट वाटेतच संपतात. बाराचे नऊ होतात आणि इन्व्हर्टर कुरकुर करत बंद पडतो. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीशेजारीच हवा, आणि त्या दोघांमधली वायर आखूड व जाड. उलट 28 वॉटचा डीसी पंखा अडीच अँपिअरच्या आत भागवतो. त्याला इन्व्हर्टर मधे घालायची गरजच नाही. हे महत्त्वाचे, कारण इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी 15 वॉट खाऊ शकतो : दिवसाचे 360 वॉट-तास, आपल्या चार दिव्यांच्या दुप्पट. दिवे-पंखे थेट डीसीवर आणि टीव्हीपुरता इन्व्हर्टर, ही रचना लहान घराला सर्वांत जास्त मानवते. फ्रीज, मिक्सर आणि मच्छी ठेवायचा डीप फ्रीझर या हिशेबात बसत नाहीत; त्यांना बसवायचा मोह झाला की संच लहान राहत नाही.

सुरक्षेत तडजोड नाही. 12 व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो लालबुंद होऊन वितळू शकतो. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. साधा घरगुती एमसीबी तिथे चालत नाही, डीसीसाठीचाच लागतो. बॅटरीजवळ फ्यूज, सांगाड्याला अर्थिंग, आणि वळवाच्या विजा लक्षात घेऊन सर्ज अरेस्टर.

एवढ्याशा संचाने खरोखर काय होते, असे कोणी विचारील. सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत, तार पोचणे कठीण अशा दुर्गम घरांसाठी 200 ते 300 वॉटचा संच ठरवला होता : पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. त्याआधी 2012 मध्ये जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत पुण्याच्या ग्राम ऊर्जा या संस्थेने 9.4 किलोवॉटचे सामाईक सौरकेंद्र उभारले. चाळीसेक घरांची ही वाडी. घरटी वाटा जेमतेम अडीचशे वॉटपर्यंतचा. तिथे प्रत्येक घराला मीटर लावला गेला आणि गावाच्या न्यासाने वापरानुसार पैसे गोळा करण्याची पद्धत घातली, म्हणजे बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा हात पसरायला नको. मला दरेवाडीचा धडा तंत्राहून मोठा वाटतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर फुकट वाटलेले सौरदिवे बंद पडून आढ्याला लोंबकळत असतात, त्याचे कारण बहुतेक वेळा प्लेट नसून, दुसऱ्या बॅटरीची तरतूद कोणीच केलेली नसते हे आहे. आपल्या घरीही पहिल्या दिवसापासून महिन्याला थोडे पैसे पुढच्या बॅटरीसाठी बाजूला पडले पाहिजेत. ही सवय नसेल तर संच उभारू नये, इतके स्पष्ट मी लिहितो.

पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. घरधनी आणि घरधनीण, ज्यांना संच विकत घ्यायचा किंवा स्वतः जोडायचा आहे. आयटीआयत शिकणारी मुले, ज्यांना वायरिंग येते पण डीसी फारशी माहीत नाही. आणि गावोगावचे इलेक्ट्रिशियन, ज्यांच्या हातात हे क्षेत्र उद्या जाणार आहे. गणित बेरीज-गुणाकाराच्या पुढे जात नाही. एक मल्टीमीटर आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर एवढी हत्यारे जवळ असावीत.

या सर्वांना एक विनंती आहे. पालघर जिल्ह्यातल्या लहान घरगुती संचांच्या पावसाळ्यातल्या नोंदी मराठीत लिहून ठेवा. प्लेट किती वॉटची, त्या दिवशी किती वॉट-तास आले, संध्याकाळी आणि पहाटे बॅटरीचा दाब किती होता, आभाळ कसे होते, एवढे रोज एका ओळीत पुरे. दांडीचा जुलै आणि जव्हारचा जुलै सारखा नसतो. किनाऱ्यावरच्या आणि घाटाजवळच्या चार-दोन घरांच्या वह्या शेजारी ठेवल्या, तर या पुस्तकातले तीन तासांचे अंदाजी माप गावागणिक दुरुस्त करता येईल. आणि लगेच दुकानात जाऊ नका. आधी घरातल्या प्रत्येक उपकरणामागचा वॉटचा आकडा वाचा, तो वहीत लिहा, त्याच्यापुढे तास मांडा, आणि ती वही घेऊन पहिल्या प्रकरणाला बसा.